वादी क्रमांक एक

सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात
तिचं नाव आहे: मरीमाय.
बापाचं नाही, नवऱ्याचं नाही,
आडनावाच्या जागी तलाठ्याने
एक आडवी रेघ ओढली आहे.
गट नंबर एकशे बारा, जिरायत,
एक हेक्टर एकतीस आर,
धुऱ्यावर दोन पळस आणि एक मोह.

मी नागपूरहून आले ती पिशवीत
प्रबंधाचं तिसरं प्रकरण घेऊन.
चाळीस पानं, एकशे सहा तळटिपा.
त्यांत मी दाखवून दिलंय
की कायद्याच्या लेखी देव ही एक व्यक्ती असते,
फक्त ती कधीच अठरा वर्षांची होत नाही.
तिला जमीन असते, देणं असतं,
ती दावा लावते, तिच्यावर दावा लागतो,
सही मात्र दुसऱ्याने करायची.

दाव्याच्या पहिल्या पानावर तसंच टंकलंय:
मरीमाय, वय अज्ञान,
अ.पा.क. गिरजाबाई सोनाजी इंगोले,
वय बासष्ट, धंदा मजुरी.

"अज्ञान म्हंजे काय वं?" गिरजाबाईने विचारलं.
लहान, मी म्हटलं. स्वतःचं भलंबुरं
ज्याला कळत नाही असं.
तिने तोंडातली मिसरी थुंकली.
"पटकीच्या साली अर्धं गाव उचललं तिनं,
अन् तिले कळत नाही?"

वाक्य मी वहीत उतरून घेतलं.
कोणत्या प्रकरणात घालावं
ते अजून ठरलेलं नाही.

मानोऱ्याच्या कोर्टात साक्षीला उकंडा लोखंडे.
धोतर नवं, घडीच्या रेघा तशाच.
पट्टेवाला पाठ असल्यासारखं म्हणाला:
म्हणा, ईश्वरास साक्ष ठेवून...
उकंडा गप्प.
पुन्हा सांगितलं. पुन्हा गप्प.
मग कठड्याला धरून हळूच म्हणाला,
"साहेब, कज्जा त तिचाच हाय.
फिर्यादीचीच शपथ मी कशी घेऊ?"

वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत.
त्यांनी पंख्याकडे पाहिलं, पेनचं टोपण लावलं, काढलं,
आणि साक्ष सत्यप्रतिज्ञेवर घ्यायला सांगितली.

पलीकडचा वकील तयारीने आला होता.
धुरा नांगरून आत सरकलेल्या माणसाचा वकील.
दगडाची प्राणप्रतिष्ठा कोणी केली?
"कोनीच नाही. नांगराले लागली. बैल थांबले."
मंत्र कोणते म्हटले?
"बैलाले मंत्र येते का, साहेब?"
मग प्राण नाहीत. प्राण नाहीत तर ती व्यक्ती नाही.
व्यक्ती नाही तर जमीन कोणाची?

उकंडाने खूप वेळ घेतला.
"माह्या आधीचे तीन मेले. मी झालो
तं मायनं मले उकिरड्यावर ठेवलं, तिच्या नावानं,
अन् तिच्याच नावानं परत उचललं.
म्हनून हे नाव.
प्राण तिनं मले देल्ला, साहेब.
मी तिले कुठून देऊ?"

टंकलेखकाची बोटं थोडी थांबली, मग चालली.
नक्कल मी नंतर फी भरून घेतली. तीत आहे:
'प्रतिष्ठापनेबाबत साक्षीदारास
माहिती नाही.'

मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय:
संकल्पना स्पष्ट करा. तुमची भूमिका कोणती?
मी त्याखाली तारीख टाकली, आणि नुसतीच बसले.

पौषातली सकाळ. निंबाखाली चूल.
गिरजाबाई दगडाला आंघोळ घालायला निघालेली,
पितळी गुंडीतून वाफ.
ओतण्याआधी तिने कोपर बुडवून पाहिलं,
थोडं थंड मिसळलं, पुन्हा कोपर.
मी विचारलं, हे कशाला?
पटकी आणते ना ती? तिला काय भाजणार?

तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं माझ्याच नावापुढे
कोणीतरी पालनकर्ता लिहायला हवा होता.
"सरक जराशी," म्हणाली,
"वारा लागते तिले."